विषाणू पेशीत 'शिरतो' म्हणजे नेमकं काय करतो?

पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास येतं. आजाराचं नाव बदलतं, कधी डेंग्यू, कधी स्वाइन फ्लू, कधी चांदीपुरा, पण वाक्य तेच: 'हा विषाणू शरीरातील पेशींमध्ये शिरतो आणि आपली संख्या वाढवतो.' वाचणारा पान उलटतो. मला मात्र त्यातला 'शिरतो' हा शब्द बरीच वर्षं खटकत आलाय. विषाणूला हात नाहीत, पाय नाहीत, स्नायू नाहीत. अन्न जाळून ऊर्जा तयार करायची सोयही नाही. आणि पेशीला त्याच्या मापाचं दार नाही. मग शिरतो कसा?

शाळेत याचं उत्तर 'कुलूप आणि किल्ली' असं मिळालं होतं. विषाणूच्या अंगावरची किल्ली पेशीवरच्या कुलपात बसते, झालं. ते उत्तर चुकीचं नाही, अर्धं आहे. किल्ली बसली याचा अर्थ विषाणू पेशीला चिकटला, एवढाच. कोणी तुमच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला म्हणून तो घरात आला असं होत नाही. खरी गंमत त्यानंतरच्या मिनिटांत आहे, आणि कोविडमधली फसलेली औषधं, साध्य झालेल्या लशी, बर्ड फ्लूची भीती, यांतलं बरंचसं त्या गमतीतून उलगडतं.

दोन्हीकडे तेलाचा पडदा

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. बाहेर पाणी, आत पाणी, आणि मधे स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पडदा. या पडद्यातल्या रेणूंचं एक टोक पाण्यात रमणारं आणि दुसरं पाण्याला फटकून वागणारं. त्यामुळे ते दोन थरांत उभे राहतात: पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. पडद्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर.

विषाणूंचे दोन तट आहेत. पोलिओ, रोटा, दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू हे उघडे. प्रथिनांचं कडक कवच आणि आत जनुकं, बस्स. दुसरे पांघरूण घेतलेले: फ्लू, कोविड, एचआयव्ही, डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर, रेबीज, चांदीपुरा, सिंधुदुर्गातला माकडताप. यांच्या कवचाबाहेर आणखी एक आवरण असतं, आणि ते चोरीचं असतं. पेशीतून बाहेर पडताना विषाणू पेशीचाच पडदा अंगाभोवती गुंडाळून निघतो. म्हणजे पुढच्या पेशीपाशी पोचतो तेव्हा त्याच्या अंगावर तिच्याच जातीचं कापड असतं.

आता युक्ती लक्षात येते. पडदा फाडायचा नाही, भोक पाडायचं नाही. आपला पडदा आणि पेशीचा पडदा एकमेकांत मिसळून टाकायचा. दोन पिशव्यांची एक पिशवी झाली की आतला ऐवज आपोआप पलीकडे. याला शास्त्रात फ्यूजन म्हणतात. मी पुढे 'पडदे एक होणं' म्हणेन.

मिसळीच्या वाटीत बघा

मिसळीचा रस्सा समोर आला की तर्रीची लाल वर्तुळं वर तरंगताना दिसतात. चमच्याच्या टोकाने एक वर्तुळ हळूच दुसऱ्याकडे ढकला. ती टेकतात, टेकल्या जागी कडा चपट्या होतात, आणि क्षणभर तशीच राहतात, गाल गालाला लावल्यासारखी. मग एकदम, डोळ्याला टिपता येणार नाही इतक्या झटक्यात, एक मोठं वर्तुळ. पाव थंड होईपर्यंत मी हे केलेलं आहे आणि घरच्यांची बोलणी खाल्लेली आहेत.

तो मधला थबकलेला क्षण महत्त्वाचा. तेलाला तेल हवंच असतं, पण मधे पाण्याची एक अतिपातळ चकती अडकलेली असते. ती निघून गेल्याशिवाय दोन तेलं भेटत नाहीत. पेशीच्या पडद्याचं तर याहून अवघड, कारण त्याची बाहेरची डोकी पाण्याला घट्ट धरून असतात. दोन पडदे जवळ आणताना शेवटचा एखाद-दुसरा नॅनोमीटर ओलांडायला बराच जोर लागतो. तो अडसर नसता तर आपल्या शेजारशेजारच्या पेशी कधीच एकमेकींत विरघळल्या असत्या.

तेव्हा प्रश्न 'किल्ली कुठली' एवढा राहत नाही. इंधन नसलेल्या विषाणूने हा जोर आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे.

उंदराचा सापळा आणि तानाजीची घोरपड

2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तेव्हा 'एच-वन-एन-वन' हा शब्द घराघरात पोचला. त्यातला एच म्हणजे हीमॅग्लुटिनिन, फ्लूच्या अंगावर उभे असलेले प्रथिनाचे काटे. फ्लूचा विषाणू सुमारे शंभर नॅनोमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीत सातशे-आठशे बसतील. आणि एकेकावर असे तीन-चारशे काटे. नावाचा अर्थ रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारं.

हे चिकटणं प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांनी दिसतं. निमुळत्या तळाच्या छोट्या खळग्यांत तांबड्या रक्तपेशींचं पातळ मिश्रण घालून ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि कुंकवाची ठसठशीत टिकली दिसते. त्यात फ्लूचा विषाणू असेल तर तो पेशींचं जाळं विणतो, त्या घरंगळत नाहीत आणि टिकलीऐवजी खळगाभर गुलाबी धुकं दिसतं. फ्लू मोजायची ही पद्धत 1940 च्या दशकापासून चालत आलेली आहे. पण ध्यानात घ्या, ही झाली फक्त किल्ली. पेशी चिकटल्या, पडदे अजून वेगळेच आहेत. त्याच खळग्यातलं पाणी थोडं आंबट केलं की मात्र पडदे एक होऊ लागतात आणि त्या पडझडीत रक्तपेशी फुटतात.

आंबटपणाने काय होतं? 1981 मध्ये विल्सन, स्केहेल आणि वायली या तिघांनी हीमॅग्लुटिनिनची अणूअणूपर्यंतची रचना मांडली. तीन सारखे धागे एकमेकांना धरून उभा असलेला, साडेतेरा नॅनोमीटर उंचीचा काटा. वर पकडणारं डोकं, खाली देठ. आणि देठाच्या पोटात एक छोटा, तेलकट तुकडा लपवून ठेवलेला. तेलकट तुकडा पाण्यात उघडा राहूच शकत नाही, म्हणून तो खिशात. पुढे 1993 मध्ये कार आणि किम यांनी म्हटलं की हा काटा म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग असावी, आणि 1994 मध्ये आंबट पाण्यातल्या काट्याची रचना हाती आली तेव्हा ते दिसलंच. डोकी बाजूला सरलेली, देठातला वाकडा भाग सरळ ताठ झालेला, आणि तो तेलकट तुकडा दहा नॅनोमीटरच्या आसपास वर फेकला गेलेला. थेट पेशीच्या पडद्याच्या दिशेने.

जोर कुठून आला, याचं उत्तर यात आहे. उंदराच्या सापळ्याचा चाप उंदीर येतो तेव्हा कोणी ओढत बसत नाही. तो आदल्या रात्रीच ओढून ठेवलेला असतो. हीमॅग्लुटिनिनचंही तसंच. आधीच्या पेशीने, स्वतःची ऊर्जा खर्चून, हे प्रथिन बनवताना ते ताणलेल्या अवस्थेत घडी घालून ठेवलं. विषाणू ती ताणलेली स्प्रिंग घेऊन फिरतो. मागच्या यजमानाच्या घरून बांधून आणलेली शिदोरीच म्हणा. आंबट न करता नुसतं तापवलं तरी स्प्रिंग सुटते, यावरून ती किती काठावर बसलेली असते ते कळतं.

पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणायला कोंढाण्याची घोरपड बरी पडते. इतिहासाचे अभ्यासक त्या घोरपडीची गोष्ट मानत नाहीत, पण उपमेला चालेल. तेलकट तुकडा ही घोरपड: वर फेकली आणि पेशीच्या पडद्यात नखं रोवून बसली. देठ हा दोर, ज्याचं खालचं टोक विषाणूच्या पडद्यात पक्कं. आता कोंढाण्यावर मावळे दोरावरून चढले म्हणतात. इथे चढत कोणी नाही. इथे दोरच मधोमध वाकून दुमडतो. वरचं टोक आणि खालचं टोक शेजारी-शेजारी येतात, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही पडदे खेचले जातात. जणू दोर घडी घालून कडा आणि तळ एकमेकांना टेकवले. असे तीन-चार काटे एकदम काम करतात तेव्हा मधलं पाणी हटतं.

मग तोच मिसळीतला क्षण. आधी दोन्ही पडद्यांचे फक्त बाहेरचे थर एक होतात. ही अर्धवट अवस्था: वरचं पांघरूण शिवलं गेलंय, अस्तरं अजून वेगळी. मग आतले थरही मिळतात, मधे एक बारीक छिद्र पडतं, ते रुंदावतं, आणि विषाणूची जनुकं पेशीच्या आत. विषाणू म्हणून जे काही होतं ते तिथे संपलं. त्याचं आवरण पेशीच्या पडद्यात ठिगळासारखं राहून जातं.

खटका कोण ओढतं?

स्प्रिंगची एक अडचण आहे: ती एकदाच सुटते. नाकातल्या शेंबडात किंवा हवेत सुटली तर तो काटा वाया गेला. म्हणून जागा आणि वेळ चुकता कामा नये. फ्लूने यासाठी दोन कुलपं ठेवली आहेत.

पहिलं, काटा तयार होतो तेव्हा स्प्रिंगला चाप असतो. प्रथिनाचा धागा एका ठरावीक जागी कापला गेल्याशिवाय तो तेलकट तुकडा मोकळाच होत नाही. कापायची कात्री विषाणूकडे नाही, ती यजमानाची. माणसाच्या नेहमीच्या फ्लूला लागणारी कात्री मुख्यतः श्वसनमार्गात सापडते, म्हणून आजार बहुधा तिथेच राहतो. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्या पटापट मरू लागल्या, तो देशातला पहिला एच-फाइव्ह-एन-वन बर्ड फ्लू होता. त्या जातीच्या काट्यावर कापायच्या जागी चार-दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, जादा असतात, आणि त्यामुळे तिथे फ्युरिन नावाची कात्री चालते. फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असते. मग विषाणू फुप्फुसापुरता कशाला राहील? कोंबडीच्या मेंदूपासून आतड्यापर्यंत सगळीकडे तो कामाला लागतो. एवढ्याशा फरकावर अख्खी पोल्ट्री उभी किंवा आडवी.

दुसरं कुलूप आंबटपणाचं. पेशीला बाहेरच्या गोष्टी गिळायची सवय असते. पडद्याला खळगा पडतो, खळग्याची पिशवी होते आणि ती आत खेचली जाते. या पिशवीला एन्डोसोम म्हणतात. चिकटलेला विषाणू त्यातून आत येतो, पण अजून खऱ्या अर्थाने आत नसतो. पोटातला घास जसा शरीराच्या आत असूनही बाहेरच असतो, तसा. काही मिनिटांत पेशी या पिशवीत आम्ल भरू लागते, कारण तिला आतला माल पचवायचा असतो. ताकाहून थोडा कमी आंबटपणा झाला की फ्लूची स्प्रिंग सुटते. पेशी पचवायला निघते आणि तोच इशारा विषाणूला मिळतो.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी, 1980 च्या सुमारास, जर्मनीत हायडेलबर्गला. त्यांचा विषाणू होता सेम्लिकी फॉरेस्ट, आपल्या चिकुनगुनियाचा चुलतभाऊ. पिशवीतला आंबटपणा मारणारी रसायनं दिली की संसर्ग थांबे. उलट, विषाणू पेशीवर थंडीत चिकटवून ठेवला आणि बाहेरचंच पाणी आंबट केलं, तर गिळण्याची वाट न पाहता पृष्ठभागावरच पडदे एक होत.

सगळ्यांना आंबट लागतंच असं नाही. एचआयव्हीच्या काट्याला आधी सीडी-फोर हे पेशीवरचं कुलूप, मग शेजारचं सीसीआर-फाइव्हसारखं दुसरं कुलूप, अशा दोन खुणा पटाव्या लागतात. गोवराला पकडणारं प्रथिन वेगळं आणि स्प्रिंगचं वेगळं. पहिल्याने पकडलं की दुसऱ्याला इशारा जातो. इबोला तर पिशवीत बराच खोल जातो, पेशीची कात्री स्वतःवर चालवून घेतो आणि मग आतल्या एका प्रथिनाला धरतो. तपशील निरनिराळे, पण शेवटची हालचाल तीच: फेक, रोव, दुमड.

चांदीपुराची तऱ्हा वेगळी

आता आपल्या मातीतला विषाणू. 1965 मध्ये नागपूर भागातल्या चांदीपुरा गावी तापाची साथ होती, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. गावाचं नाव त्याला चिकटलं. वाळूमाशीतून पसरणारा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुळातला. बरीच वर्षं तो फारसा कोणाच्या लक्षात नव्हता. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं मेंदूच्या तापाने आजारी पडली, त्यातली 183 गेली, तेव्हा त्याचं नाव पुढे आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं दगावली. 2024 मध्ये गुजरातेत पुन्हा.

या कुळाच्या काट्याला नुसतं 'जी' प्रथिन म्हणतात. पकडायचं काम त्याचंच, स्प्रिंगचंही त्याचंच, आणि इशारा आंबटपणाचा. पण फ्लूची स्प्रिंग एकदा सुटली की सुटली, ही मात्र परत ताणली जाते. आंबटपणा घालवला की काटा पुन्हा पहिल्या रूपात येऊन बसतो. उंदराचा सापळा नव्हे, झुलतं दार म्हणा. कारण समजायला कठीण नाही: हे प्रथिन पेशीत तयार होताना मधल्या एका थोड्या आंबट कप्प्यातून जातं, आणि त्याच्याकडे फ्लूसारखा कापायचा चाप नाही. वाटेत आकार बिघडला तरी पुढे सावरता यायला हवा.

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये चांदीपुराच्या या प्रथिनाची आंबट पाण्यातली रचना प्रसिद्ध केली. विदर्भातल्या त्या लहान गावाचं नाव आज जगभरच्या शोधनिबंधांत आहे. गावात किती जणांना याची कल्पना असेल, देव जाणे.

'मग आंबटपणाच मारून टाका की!'

हा प्रश्न कोणालाही सुचेल, आणि 2020 मध्ये सगळ्या जगाला सुचला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मलेरिया आणि संधिवाताचं जुनं औषध पेशीच्या पिशव्यांत साठतं आणि त्यांचा आंबटपणा कमी करतं. प्रयोगशाळेत त्याने कोरोना रोखला. मार्चमध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंध म्हणून घ्यायला सांगितलं, आणि औषधाच्या दुकानांत ते मिळेनासं झालं. ज्यांना संधिवातासाठी ते रोज लागायचं त्यांची पंचाईत झाली ती वेगळीच. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: इस्पितळातल्या रुग्णांना उपयोग नाही.

औषध खोटं होतं का? नाही. प्रयोगातली पेशी चुकीची होती. ते प्रयोग बहुतांशी माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या व्हेरो पेशींवर झालेले. त्या पेशीत शिरायचं तर कोरोनाला पिशवीच्या वाटेनेच जावं लागतं, कारण काटा कापणारी कात्री तिथेच भेटते. पिशवीतलं आम्ल कमी झालं की ती कात्री बोथट होते, म्हणजे वाट बंद. पण माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींवर, बाहेरच, टीएमपीआरएसएस-टू नावाची दुसरी कात्री असते. ती काटा दारातच कापून देते आणि पडदे पृष्ठभागावरच एक होतात. विषाणू मागच्या बोळातून जाईल म्हणून तिथे नाकाबंदी लावली आणि तो पुढच्या दाराने गेला. फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग केला तेव्हा औषध निष्प्रभ ठरलं. पुढे ओमायक्रॉन पिशवीच्या वाटेकडे अधिक झुकला हे खरं, पण त्यामुळे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचे दिवस काही परत आले नाहीत.

हीच हालचाल अडवणारं एक औषध मात्र खरोखर आलं, एचआयव्हीसाठी. 2003 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एनफ्युव्हिरटाइड. बॅगेची चेन ओढताना मधे कापडाचा कोपरा सापडला की काय होतं आठवा. एचआयव्हीचा काटा घोरपड रोवून झाल्यावर दुमडायला लागतो, तेव्हा त्याच्या दोन पट्ट्या चेनच्या दातांसारख्या एकमेकींत बसतात. हे औषध म्हणजे त्यातल्याच एका पट्टीची नक्कल. ती मधे जाऊन बसते, घडी पुरी होत नाही आणि पडदे शेवटच्या काही नॅनोमीटरवर अडून राहतात. दिवसातून दोनदा इंजेक्शन घ्यावं लागे, टोचल्या जागी गाठी येत, महागही होतं. त्यामुळे ते मागे पडलं. कल्पना म्हणून मला आजही ते फार देखणं वाटतं.

'साबणाने फाटणारं आवरण ठेवलंच कशाला?'

कोविडकाळात वीस सेकंद हात धुवा म्हणून कानीकपाळी ओरडलं गेलं ते याच पडद्यामुळे. साबण तेलकट ताट जसं साफ करतो तसाच विषाणूचं आवरण विस्कटतो. आवरण गेलं की काटे गेले, काटे गेले की शिरण्याचा मार्ग गेला. मग इतकी नाजूक गोष्ट उत्क्रांतीत टिकली कशी?

कारण फायदा मोठा आहे. पांघरूण घेतलेला विषाणू पेशी न फोडता एकेक करून बाहेर पडू शकतो, अंगावर यजमानाचंच कापड असल्याने थोडा लपतो, आणि शिरताना पडदे एक करण्याची युक्ती वापरू शकतो. उघड्या विषाणूंना आत जाण्यासाठी पिशवीला भोक पाडावं लागतं किंवा ती फोडावी लागते. नाजूकपणाची किंमत मात्र पांघरूणवाल्यांना वाटेत मोजावी लागते. जठरातलं आम्ल आणि पित्त यांत त्यांचं आवरण बहुधा टिकत नाही. म्हणून पाण्यातून, उष्ट्या-खरकट्यातून पोटात जाऊन आजार करणारे बहुतेक विषाणू उघडे असतात. आणि रक्त, डास, शिंका, जवळचा श्वास यांतून जाणाऱ्यांत पांघरूणवाले बरेच. जुलाबाच्या साथीत नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, नळाखाली साबणाने हात चोळून धुवा, असं डॉक्टर सांगतात त्याचं कारण हेच. उघड्या विषाणूला अल्कोहोलने फाडण्यासारखं फारसं काही नसतं. त्याला वाहूनच घालवावं लागतं.

लस कोणत्या रूपाची?

स्प्रिंग एकदाच सुटते, या गोष्टीचा सगळ्यात मोठा परिणाम लशींवर झाला. विषाणूला रोखायचं तर प्रतिपिंडाने, म्हणजे अँटिबॉडीने, सुटण्याआधीचा काटा ओळखला पाहिजे. सुटून दुमडलेला काटा ओळखणारं प्रतिपिंड म्हणजे चोरी झाल्यावर आलेला पहारेकरी.

आरएसव्ही हा तान्ह्या बाळांची छाती भरवणारा विषाणू. 1960 च्या दशकात अमेरिकेत त्याची फॉर्मालिनने मारलेली लस बाळांना दिली गेली. पुढच्या हंगामात लस मिळालेली बाळं उलट जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. त्या लशीतले काटे बहुतांशी सुटलेल्या रूपात होते, हे फार उशिरा उमगलं. तिच्या अपयशाला आणखीही कारणं आहेत, पण हे एक मोठं. 2013 मध्ये सुटण्याआधीच्या काट्याची रचना हाती लागली, तो तसाच जखडून ठेवायच्या युक्त्या सापडल्या, आणि 2023 मध्ये आरएसव्हीच्या लशींना मान्यता मिळाली. मधे अर्धं शतक गेलं.

कोरोनाच्या वेळी हे ज्ञान तयार होतं. स्पाइकच्या, म्हणजे कोरोनाच्या काट्याच्या, ज्या भागाला सरळ होऊन उसळायचं असतं, तिथे प्रोलीन नावाची दोन अमिनो आम्लं घातली. प्रोलीन ताठर असतं. सायकलच्या चाकात काठी घालावी तसं ते स्प्रिंगला अडवतं. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत हा बदल आहे. पुण्यात तयार झालेल्या लशींपैकी कोव्होव्हॅक्समध्ये आहे, कोव्हिशील्डमध्ये नाही. 'लशीतला स्पाइक आपल्याच पेशी एकमेकींना चिकटवून टाकेल' अशी भीती त्या वेळी व्हॉट्सअॅपवर फिरत होती. प्रोलीनवाल्या स्पाइकबद्दल तरी ती उफराटीच होती, कारण तो बदल नेमकी तीच हालचाल रोखतो.

वारेतला उसना काटा

पेशी एकमेकींना चिकटण्याची गोष्ट मात्र कपोलकल्पित नाही. संसर्ग झालेल्या पेशीच्या पडद्यावर विषाणूचे काटे येऊन बसतात, आणि शेजारच्या निरोगी पेशीवर ते त्यांचा प्रयोग करतात. पडदे एक होतात. दोन पेशींची एक, मग चार, मग दहा. गोवरात अशा अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वीपासून ओळखीच्या आहेत, कोविडने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतही त्या दिसल्या. विषाणूला यात सोय असते. बाहेर न पडता, प्रतिपिंडांच्या वाटेला न जाता, घरातल्या घरात पसरता येतं.

आणि एक ठिकाण असं आहे, जिथे हे आपल्याला हवंच असतं. गर्भाशयात बाळाची वार, म्हणजे प्लॅसेंटा, आईच्या रक्ताला जिथे भिडते तिथला थर सुट्या पेशींचा नसतो. अब्जावधी पेशींचे पडदे एक होऊन तो अखंड झालेला असतो, त्यात पेशीपेशींमधली फटच नाही. अन्न आणि प्राणवायू त्यातूनच जातात. या पेशींना एकत्र आणणारं प्रथिन 2000 मध्ये ओळखलं गेलं, नाव सिन्सिटिन. त्याचं जनुक माणसाचं मूळचं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरलेल्या, एचआयव्हीच्या लांबच्या नात्यातल्या एका विषाणूचा तो काटा आहे. विषाणू कधीच नामशेष झाला, काटा आपल्या गुणसूत्रांत राहिला आणि वारेत कामाला लागला. उंदरांतही असा काटा आहे, पण तो वेगळ्या विषाणूकडून वेगळ्या वेळी आलेला. तो काढून टाकलेल्या उंदरांचे गर्भ जगले नाहीत.

नऊ महिने भरत येतात तेव्हा वारेतल्या असंख्य घड्यांवर पसरलेला हा अखंड थर उलगडून मोजला तर दहा-बारा चौरस मीटर भरतो. दहा बाय बाराच्या खोलीची फरशी, आणि तिला एकही सांधा नाही.